छोट्या मोटरबोटीला परवाना कुठला? आणि उतरवायची कुठे, उजनी की कोयना?

हडपसरवाला:
मंडळी, मित्राच्या मामांची 12 फुटी फायबरची बोट आणि 5 एचपीचं आउटबोर्ड, म्हणजे मागे लावायचं इंजिन, माझ्याकडे आलंय. धंदा करायचा नाही, मासे धरायचे नाहीत. रविवारी बायको-मुलाला घेऊन पाण्यात चक्कर मारायची, बस. परवाना कोण देतं? एक जण म्हणतो आरटीओसारखी नोंदणी लागते, दुसरा म्हणतो ग्रामपंचायतीला विचार. आणि पुण्याहून पाणी कुठलं बरं पडेल? पवना, मुळशी, कोयना, उजनी अशी नावं डोक्यात आहेत.

फाटक्या_शिडाचा:
टाका बिनधास्त. कुणी कागद मागताना मी तरी पाहिलं नाही.

भीमाकाठ:
वरच्या भाऊंचं ऐकू नका. काही घडेपर्यंत कागद कुणी मागत नाही, हे खरं. मे 2024 ला इथे उजनीत कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. आमच्या पट्ट्यात अजून त्या संध्याकाळचा विषय निघतो.

आधी बोटीचं बघा. 1917 चा इंग्रजी अमदानीतला कायदा जाऊन 2021 चा अंतर्देशीय जहाज कायदा आलाय. इंजिन बसवलं की होडी यांत्रिक धरली जाते, मग तपासणी, नोंदणी, विमा हे सगळं आलं. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड बघतं. मामांकडून आलीय म्हणता, तर आधी विक्रीचा कागद करून घ्या, त्यात इंजिनचा नंबर घाला. नुसत्या तोंडी 'दिली'वर पुढचं काही हलत नाही.

नोंदणी झाली की वाटेल त्या धरणात उतरता येतं, असं मात्र नाही. पाणी ज्याचं, परवानगी त्याची. मुळशीचं धरण टाटांचं आहे. पवना म्हणजे पिंपरी-चिंचवडचं पिण्याचं पाणी, तिथे पेट्रोलचं इंजिन घेऊन जाणं मलाच पटत नाही. कोयनेत तापोळा-बामणोलीला स्थानिक बोट क्लबांचा जम बसलेला आहे, आणि वासोट्याच्या बाजूचा काठ अभयारण्यात, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय पाय ठेवायचा नाही. कोयना बघायचीच असेल तर त्यांच्याच बोटीत बसून बघा, मुनावळ्यालाही आता जलपर्यटन सुरू झालंय.

राहिली उजनी. इथे जलसंपदा विभागाकडे लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. हो-नाही काय ते कागदावर येऊ द्या. आणि ज्या काठावरून बोट सोडणार, तिथल्या मच्छीमारांना आधी भेटा. कायद्यात हे कुठे लिहिलेलं नाही, पण पाण्यात अडकलात तर ओढून काढायला तेच येणार आहेत.

जागा म्हणाल तर भिगवण, कुंभारगाव, डिकसळ टाळा. हिवाळ्यात तिथे रोहित (फ्लेमिंगो) असतात. पक्षी दाखवणारे नावाडीही थवा दिसला की वल्ह्यावर येतात. तुम्ही भर्रकन गेलात तर त्यांची सकाळ बुडाली आणि तुम्हाला शिव्या बसल्या. पळसदेवच्या अंगाला पाणी मोकळं आहे, पण उन्हाळ्यात तिथेही डोळे उघडे ठेवा. उजनीची क्षमता 117 टीएमसी, त्यातला 63 च्या वर नुसता मृतसाठा. त्यामुळे धरण 'मायनस'मध्ये, म्हणजे मृतसाठ्यात गेलं तरी पाणी भरपूर दिसतं, फक्त खालचं सगळं वर आलेलं असतं. पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं ते सगळे फोटोत बघतात. पण वीतभर पाण्याखाली राहिलेला विहिरीचा कठडा किंवा बाभळीचं खोड दिसत नाही, आणि इंजिनचा पंखा नेमका तिथेच आपटतो.

दुसरी डोकेदुखी जाळ्यांची. चिलापी माशासाठी तंगूसची, म्हणजे नायलॉनच्या बारीक दोऱ्याची जाळी सोडलेली असतात. खूण म्हणून थर्माकोलचा तुकडा नाहीतर पाण्याची रिकामी बाटली. दोन बाटल्या एका रेषेत दिसल्या की मधून जायचंच नाही. तंगूस पंख्यात गुंडाळला तर इंजिन बंद करून वर उचला आणि शक्य तितका उलटा सोडवा. कापलात तर जाळं भरून द्यावं लागेल, आणि ते रास्तच आहे.

खाडीवाला:
भीमाकाठ यांनी छान सांगितलंय. कोकणाचाही विचार करा. दाभोळ खाडी आणि वाशिष्ठी मिळून राष्ट्रीय जलमार्ग 28 आहे, बोट सोडायला जेटी आहेत. फक्त घड्याळाइतकंच तिथीकडे बघा. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, ओढ कमी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा ओहोटीच्या ओढीपुढे 5 एचपी जागच्या जागी धापा टाकतं. चिपळूणच्या बाजूला मगरी आहेत, म्हणून हात-पाय बोटीत.

हडपसरवाला:
भीमाकाठ दादा, खूप आभार. उजनीच पक्की करतो. एप्रिल-मेमध्ये मुलाला सुट्टी असते, तेव्हा आलो तर चालेल का? आणि ट्रेलर थेट पाण्यापर्यंत जातो ना?

भीमाकाठ:
मुलाला घेऊन एप्रिल-मे नको. वळवाचा वारा सांगून येत नाही, आणि पाण्याचा पसारा एवढा की मध्यावर असलात तर काठ गाठेस्तोवर लाटा आत यायला लागतात. 12 फुटी बोटीचा काठ पाण्यापासून असतो किती? यायचंच असेल तर उजाडता उतरा, दहा-अकराला बाहेर. दिवाळीनंतर या, तेव्हा पाणीही चढलेलं असतं.

ट्रेलरचं म्हणाल तर उन्हाळ्यात तेही अवघड. पाणी मागे सरतं तशी गाळपेर, म्हणजे गाळाची पेरायची जमीन, उघडी पडते. वरून वाळलेली दिसते, चाक गेलं की गुडघाभर चिखल. शिवाय त्यात कुणाचं तरी पीक असतं. दिवाळीनंतर पाणी रस्त्याजवळ येतं, चार माणसांत बोट उचलून जाते.

लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचं घ्या, मोठ्यांचं घट्ट बांधून चालत नाही, पाण्यात ते डोक्यावरून निघतं. इंजिनची लाल दोरी मनगटाला, ती ओढली गेली की इंजिन बंद पडतं. शिअर पिना (पंखा आपटला की तुटणाऱ्या खिळी), पक्कड आणि वल्ही बोटीत ठेवा. आणि निघताना काठावर कुणाला तरी सांगून जा, किती वाजता परत येणार ते.