विंडोज ११ टाकलं का कोणी? दुकानातल्या मशीनवर टाकू का थांबू?

झेरॉक्सवाला_विटा | ९ ऑक्टोबर २०२१

नमस्कार मंडळी, ५ तारखेला विंडोज ११ आलं तेव्हापासून भाचा डोकं खातोय की मामा टाका टाका फुकट आहे. माझं झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, तीन मशीन आहेत. काउंटरवरचं आय३ ८१००, २०१९ ला इथंच असेंबल करून घेतलेलं, ८ जीबी रॅम, आणि आतले दोन जुने आय५ तिसऱ्या जनरेशनचे, सेकंडहँड घेतलेले पण घोड्यासारखे पळतात.

आता गंमत अशी की मशीनवर ११ चालेल का ते तपासणारं मायक्रोसॉफ्टचं हेल्थ चेकचं ॲप चालवलं तर तिन्ही मशीन नापास. जुन्यांचं समजू शकतो पण काउंटरवालं पण म्हणतंय टीपीएम २.० (सुरक्षेची चिप म्हणे) नाही आणि सिक्युअर बूट (मशीन चालू होताना खरं विंडोजच आहे ना ते तपासणारं) नाही. असेंबल करणाऱ्याला फोन केला तर तो म्हणतो चिप वेगळी विकत घ्यावी लागेल, साडेतीन हजार होतील. खरंय का हे? आणि टाकलंच तर माझा दहा वर्षांचा लेझर प्रिंटर, डिजिटल सहीचं टोकन, मराठी टायपिंग हे सगळं चालेल ना? ज्यांनी टाकलंय त्यांनी खरं खरं सांगा, यूट्यूबवरचे लोक नुसता टास्कबार मधे आला म्हणून नाचतायत.

---

जुनाखोड | ९ ऑक्टोबर

साडेतीन हजार देऊ नका, पहिले ते. आठव्या जनरेशनच्या इंटेलमधे टीपीएमचं काम प्रोसेसरच्या फर्मवेअरमधूनच होतं, पीटीटी म्हणतात त्याला, फक्त बायॉसमधे, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमधे, बंद असतं. चालू करायला रुपया लागत नाही.

बाकी टाकायचं का, तर माझं मत थांबा. मी २००७ ला व्हिस्टा पहिल्या महिन्यात टाकलं होतं, ५१२ एमबी रॅमवर, मशीन चालू करून आंघोळ करून यायचो. चूक माझीच, रॅम नव्हती. मग २०१२ ला विंडोज ८ टाकलं, त्यात स्टार्टचं बटणच गायब, वडील दोन दिवस मशीन बंद कसं करायचं विचारत होते आणि दुसऱ्या वर्षी ८.१ मधे ते बटण गुपचूप परत आणलं. लग्नात पहिल्या पंगतीला बसावं माणसानं, विंडोजच्या नाही. दिवाळी होऊ द्या, तोंडावर सीझन आहे तुमचा. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, कोणी मागं लागलेलं नाही.

---

दसऱ्याला_फॉरमॅट | १६ ऑक्टोबर

काल दसरा होता, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल मॉनिटरवर ठेवलं आणि त्याच मुहूर्तावर अपग्रेड मारलं :) माझंही आठव्या जनरेशनचं असेंबल्ड मशीन आणि अगदी हाच प्रॉब्लेम होता म्हणून सविस्तर लिहितोय.

बायॉसमधे पीटीटी चालू केलं की टीपीएमचा प्रश्न मिटतो. विंडोजमधे येऊन रनमधे टीपीएम डॉट एमएससी टाका, खाली स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० दिसलं पाहिजे. पण खरी गोम सिक्युअर बूटची आहे. आपल्याकडं असेंबल करणारे बरेचदा विंडोज जुन्या लेगसी मोडमधे टाकतात, म्हणजे डिस्क एमबीआर (पार्टिशनची जुनी पद्धत) असते, आणि सिक्युअर बूटला यूईएफआय (मशीन चालू व्हायचा नवा मोड) लागतं, त्याला डिस्क जीपीटी (पार्टिशनची नवी पद्धत) पाहिजे. आता घाईघाईत बायॉसमधे जाऊन लेगसी बंद केलं तर विंडोज १० सुद्धा चालू होणार नाही, काळी स्क्रीन. (मी केलं. बायको म्हणाली आजच्या दिवशी तरी नको होतं.) घाबरायचं नाही, परत लेगसी चालू केलं की येतं.

बरोबर क्रम असा की आधी कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून एमबीआर२जीपीटी ही कमांड व्हॅलिडेट लावून चालवायची, म्हणजे बदल न करता नुसती तपासणी होते, ती विंडोज १० मधे असतेच. पास झालं तर कन्व्हर्ट. मग रीस्टार्ट करून बायॉसमधे यूईएफआय आणि सिक्युअर बूट. डेटा जात नाही, तरी बॅकअप घ्या म्हणजे घ्या. आणि मला व्हॅलिडेटच फेल आलं होतं, कारण सी, डी, ई, एफ असे चार ड्राइव्ह एकाच डिस्कवर पाडलेले. ही कमांड जास्तीत जास्त ३ पार्टिशन घेते आणि ती सगळी प्रायमरी लागतात, आपले डी-ई-एफ हे एक्स्टेंडेडच्या आत बसलेले असतात. ते सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून पार्टिशन उडवली, मग झालं.

११ कसं वाटलं तर दिसायला छान, विंडोज-झेड दाबून खिडक्या शेजारी शेजारी लावता येतात ते मला जाम आवडलं. राइट क्लिक केलं की अर्धे ऑप्शन लपवलेत, दर वेळी शो मोर ऑप्शन्स, त्याचा वैताग येतो. शिफ्ट-एफ१० नं जुना मेन्यू थेट उघडतो. आणि नाहीच पटलं तर १० दिवसांच्या आत सेटिंगमधे सिस्टिम, रिकव्हरी, गो बॅक. १० दिवस मोजून ठेवा, त्यानंतर जुनं विंडोज पुसलं जातं.

---

अनुस्वार_ताई | १७ ऑक्टोबर

मी भाषांतराचं काम करते, दिवसभर मराठी टायपिंग, म्हणून तेवढ्यापुरतं सांगते. इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा सरकारी कीबोर्ड) जसंच्या तसं चालतं, ऱ्य साठी शिफ्ट-जे, डी, स्लॅश तेच. ज्यांना इंग्रजी स्पेलिंगनं टाइप करायची सवय आहे त्यांना मराठी फोनेटिक पण आहे, ते २०१९ च्या अपडेटपासून १० मधेच आलेलं. विंडोज-स्पेसनं कीबोर्ड बदलतो.

पण एक लक्षात ठेवा दादा, अपग्रेड न करता कोरं विंडोज टाकलंत तर मंगल फॉन्ट सापडत नाही आणि लोक म्हणतात ११ नं फॉन्ट खाल्ला. तसं नाहीये, १० पासूनच तो वेगळा ठेवलाय, नेहमीचा निर्मला यूआय असतो. सेटिंगमधे ॲप्स, ऑप्शनल फीचर्स, तिथं देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स असतात ते उतरवून घ्यायचे, नाहीतर भाषांमधे मराठी ॲड केली की आपोआप येतो. माझ्याकडं मंगलमधे केलेली २४० पानांची फाइल निर्मलात उघडली आणि २२८ पानांवर आली, मी पानावर पैसे घेते हो!

मला खरा त्रास झाला तो वेगळाच. फाइल उचलायची, खाली टास्कबारवरच्या आयकॉनवर न्यायची, खिडकी वर आली की त्यात सोडायची, ही हाताची पंधरा वर्षांची सवय. ११ मधे ते होतच नाही, काळा गोल निषेधाचा येतो. आता ऑल्ट-टॅबनं करायला शिकतेय. आणि टास्कबार वर किंवा बाजूला नेता येत नाही, माझा कायम वर असायचा. डावीकडं तेवढं नेता येतं बटण. आई मागून जाताना बघून म्हणाली, अगं तुझं सगळं मधे सरकलंय, पडलाय का हा लॅपटॉप?

---

झेरॉक्सवाला_विटा | १८ ऑक्टोबर

ताई, दसऱ्यावाले भाऊ, लय आभार. असेंबलवाल्याला तुमचा मेसेज दाखवला तर तो म्हणे हां, तसं पण होतं. व्हॅलिडेट मारलं, माझं पण फेल. डी, ई दोन्ही आतले. ई मधे २०१९ पासून आलेल्या गिऱ्हाइकांचे पासपोर्ट फोटो आहेत, नावानिशी, गावाप्रमाणं फोल्डर करून, लोक येतात आणि म्हणतात माझा तोच काढा. ते हलवायला रविवार लागणार.

अजून एक, एका सरकारी साइटचा फॉर्म फक्त इंटरनेट एक्सप्लोररमधेच उघडतो आमच्याकडं, ११ मधे तो नाहीच म्हणतात. मग?

---

जुनाखोड | १८ ऑक्टोबर

नाहीच. पण एजमधे (विंडोजच्याच नव्या ब्राउझरमधे) आयई मोड आहे, म्हणजे इंटरनेट एक्सप्लोररसारखं चालतं. एजच्या सेटिंगमधे डिफॉल्ट ब्राउझर या पानावर जाऊन चालू करा, एज बंद करून उघडा आणि ती साइट यादीत टाका. ३० दिवसांनी यादीतून आपोआप निघते, तेव्हा कॅलेंडरवर खूण करा. आत्ता १० वरच करून बघा, चाललं तर ११ वर पण चालेल. हेच प्रिंटर आणि टोकनचं, विंडोज १० चा ६४-बिट ड्रायव्हर असेल तर सहसा चालतो. ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही त्यामुळं ३२-बिट विंडोजवर अडकलेलं काही असेल तर ते मात्र गेलं.

---

फ्रेमड्रॉप | २२ ऑक्टोबर

इंटेलऐवजी एएमडीचा रायझन प्रोसेसर असणाऱ्यांसाठी, कोणी लिहिलंच नाही म्हणून. सुरुवातीच्या ११ वर एल३ कॅशचा (प्रोसेसरच्या आतल्या मेमरीचा) वेग मार खात होता, एएमडीनं स्वतःच सांगितलं की काही प्रोग्राममधे ३ ते ५ टक्के आणि काही गेममधे १० ते १५ टक्के फटका बसू शकतो. दोन आठवडे मी मित्रांना माझं नेट स्लो आहे सांगत होतो, हरायचं कारण म्हणून. काल, २१ ला अपडेट आलंय, ऑप्शनल आहे, हातानं डाउनलोड करावं लागतं. एएमडीचा नवा चिपसेट ड्रायव्हर पण टाका. झेरॉक्सवाले दादा तुमचं इंटेल, तुम्हाला काही नाही.

---

खटपट्या_नागपूर | २३ ऑक्टोबर

भाऊ ते जुने दोन आय५ काऊन विसरले सगळे? रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत) एक व्हॅल्यू टाकून जुन्या प्रोसेसरवर पण ११ चढते, कंपनीनंच तसं लिहून ठेवलंय, पण कमीत कमी टीपीएम १.२ लागते आणि पुढं अपडेट मिळतीलच असं नाही. तुमच्या असेंबल डब्यात १.२ पण नसणार बहुतेक. एकावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) टाकून बघा, झेरॉक्स-प्रिंटपुरतं मस्त. टोकनवालं काम त्याच्यावर नका करू बाप्पा, मी दोन रात्री घालवल्या.

---

झेरॉक्सवाला_विटा | २५ ऑक्टोबर

झालं! काल रविवारी शटर अर्धं पाडून बसलो. फोटो हलवायलाच साडेतीन तास गेले, मग पार्टिशन उडवली, कन्व्हर्ट एका मिनिटात, बायॉसमधे पीटीटी आणि सिक्युअर बूट, हेल्थ चेक हिरवं. थांबणार होतो दिवाळीपर्यंत, पण भाचा म्हणला एवढं केलंच आहे तर, आणि जुनाखोड साहेब माफ करा, दाबलं. सवा तास लागला. प्रिंटर पहिल्या फटक्यात चालला, टोकनचा ड्रायव्हर काढून परत टाकावा लागला. बटण डावीकडं आणलं. जुने दोन्ही १० वरच ठेवतोय, २०२५ चं २०२५ ला बघू.

एकच राहिलं. काउंटरवर दुसरा मॉनिटर गिऱ्हाइकाकडं तोंड करून ठेवलाय, नावाचं स्पेलिंग बघायला. त्याच्यावरचं घड्याळ गेलंय. कुठून चालू करायचं?

---

दसऱ्याला_फॉरमॅट | २५ ऑक्टोबर

कुठूनच नाही. ११ सध्या दुसऱ्या स्क्रीनवर घड्याळ दाखवतच नाही.

---

झेरॉक्सवाला_विटा | २५ ऑक्टोबर

मग बरंच आहे की राव, किती वेळ झाला म्हणून तेच बघत बसायचे.