मदत हवी आहे: मांजरीच्या नाकावरच्या कॅन्सरसाठी क्रायोसर्जरी की रेडिएशन?

आमची मांजर पूर्ण पांढरी आहे आणि उन्हात पडून राहायला तिला फार आवडतं. कानाच्या टोकावरची खपली निघायची, रक्त यायचं, पुन्हा खपली धरायची. बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा निघाला. हा त्वचेचा कॅन्सर सहसा जागच्या जागीच खोल जातो, शरीरात इतरत्र उशिरा पसरतो. त्यामुळे कानाची पाळी कापायला आम्ही तयार आहोत. कान आखूड दिसला तर दिसू दे, ती बरी व्हायला हवी.

खरा घोर नाकाचा आहे. शेंड्यावर तसाच लालसर चट्टा आलाय, अजून वरवरचा आहे. तिथे फार कापता येत नाही म्हणून डॉक्टरांनी क्रायोसर्जरी (चट्टा अतिथंडीने गोठवून नष्ट करणं) किंवा रेडिएशन सुचवलंय. तुमच्यापैकी कुणी यातलं काही करून घेतलंय का? चट्टा परत आला का? मांजर वासावर जेवते, मग नाकाची जखम भरून येईपर्यंत तिला खायला कसं घातलंत?

कृपया 5-फ्लुरोयुरासिलचं (माणसांच्या त्वचेच्या कॅन्सरवरचं) मलम कुणी सुचवू नका, मांजरांसाठी ते जीवघेणं आहे. माणसांचं सनस्क्रीनही नको. ती चाटणारच, आणि त्यातलं झिंक ऑक्साइड, सॅलिसिलेट पोटात जाणार. मांजरांना चालणारं एखादं सनस्क्रीन वापरलं असेल तर जरूर सांगा. तोवर भर उन्हाच्या वेळी तिला घरातच ठेवतोय.