बोटीवर गाणारे, नाचणारे, वाजवणारे नागपूरकर आहेत का इथे? अनुभव लिहा

घुंगरू_धरमपेठ

काल लेकीच्या शाळेत फायर ड्रिल होतं, पालकांनाही बोलावलं होतं. भोंगा आधी तुटक तुटक वाजला आणि शेवटी लांबला. माझा हात आपसूक मानेमागे गेला, लाइफजॅकेटचा पट्टा शोधायला. बाजूच्या काकूंनी विचारलं, मान धरली का गं? आता त्यांना काय सांगणार. बोटीवर सात छोटे आणि एक लांब भोंगा म्हणजे हातातलं टाकून आपापल्या मस्टर स्टेशनला, म्हणजे आणीबाणीत जमायच्या ठरलेल्या जागेला पळायचं. इतक्या वर्षांनीही अंगातून गेलेलं नाही.

लग्नाआधी मी क्रूझवर डान्सर होते. आधी कॅरिबियन, मग एक उन्हाळा अलास्का. इकडे आई पंचेचाळीस डिग्रीत गच्चीवर कुरडया घालत होती आणि मी जुनोच्या धक्क्यावर स्वेटरवर स्वेटर चढवून फोनला रेंज शोधत होते.

बऱ्याच मोठ्या बोटींचं थिएटर पुढच्या टोकाला असतं, आणि समुद्र खवळला की तेच टोक सगळ्यात जास्त वरखाली होतं. उडी मारताना स्टेज जिथे सोडलं तिथेच उतरताना सापडेल याचा नेम नाही. बोट वर येत असेल तर फळी आधीच पायाला येऊन धडकते, गुडघ्यात कळ जाते. खाली जात असेल तर हवेत जरा जास्तच राहता, लोक टाळ्या वाजवतात आणि आपल्या पोटात गोळा. फारच हलायला लागलं की जोडीदाराला उचलायच्या लिफ्ट आणि दोरावरचे आयटम रद्द, टाचांचे बूट काढून सपाट बुटांत शो. समोर अर्ध्या खुर्च्या रिकाम्याच असतात तेव्हा. बाकीची मंडळी केबिनमध्ये हिरवी सफरचंदं खात पडलेली.

घरच्यांना मात्र वाटायचं पोरगी रोज पार्टीत आहे. अडीचशे माणसांच्या गर्दीला रांगेत उभं करून लाइफजॅकेट कसं घालायचं ते दाखवणारी तीच पोरगी होती, चेहऱ्यावर शोचा मेकअप तसाच, हे कोणाला पटलंच नाही.

तुमचंही लिहा. थोडं का होईना.

तर्री_जास्त

जाऊ दे ना ताई, आमच्या इकडं कोणी अंबाझरीत पेडल बोट चालवली तरी मोहल्ल्यात त्याले कॅप्टन म्हणते 😀

बर्डीचा_बेस

शोबँडमध्ये होतो. ताई, तुमच्या मागे अंधारात वाजवत बसतात ना, ते आम्ही.

नागपूरच्या ऑर्केस्ट्रात वाढलेला माणूस मी. गणपती, लग्न, देशपांडे सभागृह, सगळं कानावर. गायक म्हणाला आज घसा बसलाय, दोन पट्टी खाली घे, घेतलं. बोटीवर हे चालत नाही. दुपारी पाहुणा गायक येतो, चार्टांचं, म्हणजे नोटेशनच्या कागदांचं बाड स्टँडवर ठेवतो, एकदा वाजवून बघायचं आणि रात्री थेट शो. दुसऱ्या दिवशी जादूगार, त्याचे वेगळे चार्ट. वाचता आलं पाहिजे, तेही पहिल्या नजरेत. माझ्याबरोबर ऑडिशन दिलेला एक पोट्टा माझ्यापेक्षा शंभर पटीने भारी वाजवायचा, पण कागद समोर आला की गार. घेतलं नाही त्याला. आजही सदरमध्ये कोणी त्याच्यासारखं वाजवून दाखवावं.

तेव्हा ज्यांना जायचंय त्यांनी नोटेशन शिका. आपल्याकडे शिकवणारे आहेत, शिकणारेच नाहीत.

महालचा_मंग्या

मी तर पोहतच नव्हतो राजे हो. गायक म्हणून सिलेक्ट झालो तर म्हणे आधी एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे बोटीवरच्या सुरक्षेचे कोर्स कर. मले वाटलं माइक-स्पीकरचं काही असेल. मुंबईत गेलो तर सरळ टाकीपाशी उभं केलं. एका हातानं नाक आणि तोंड झाकायचं, दुसऱ्या हातानं जॅकेट घट्ट धरायचं, खाली पाह्यचं नाही, समोर पाहून पाऊल टाकायचं. खाली पाह्यलं की माणूस वाकते आणि तोंडावर पडते. सर ओरडून राह्यले, मी पाय हलवून नाही राह्यलो. मागून एका केरळच्या भावानं पाठीवर हात ठेवला, बस. उरलेलं काम त्यानंच केलं.

मग आग विझवायचं, प्रथमोपचार, सिक्युरिटी. मग मेडिकल, सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, अमेरिकेचा व्हिसा. व्हिसाच्या मुलाखतीलेही मुंबईच. विदर्भ एक्सप्रेसचे टीसी ओळखाले लागले होते मले.

लाँड्रीवाला_खामला

सगळं वाचून राह्यलो. चांगलं आहे. पण एक बोलू का? मी त्याच बोटींवर लाँड्रीत होतो. तुमचे ते चमकीचे ड्रेस नाही, बेडशीट आणि टॉवेल. तुम्हाला रात्रीचा शो, दुपारी रिहर्सल, पोर्टला बाहेर फिरायला. पाहुण्यांच्या डेकवर नेमप्लेट लावून ऐटीत चालायची परवानगी. आम्ही वरच्या डेकवर कामाशिवाय दिसलो तर वॉर्निंग. कॉन्ट्रॅक्टभर आठवड्याची सुट्टी नाही, एकही नाही. कायद्यात चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती लिहिली आहे, ती मिळायची, पण तुकड्यातुकड्यांत. झोप लागायच्या आत उठायची वेळ.

वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही नाचत होते तेव्हा खाली कोण होतं तेही या धाग्यात असावं म्हणून लिहिलं.

घुंगरू_धरमपेठ

लाँड्रीवाले दादा, वाईट कशाला वाटेल, खरंच आहे. मेसही वेगळ्या होत्या आमच्या, क्रूची, स्टाफची, ऑफिसरांची. आम्ही स्टाफमध्ये मोडायचो. तुमच्याकडच्या मेसमध्ये वरण-भात मिळायचा म्हणून आम्ही चोरून खाली यायचो ते आठवतंय का?

लाँड्रीवाला_खामला

हो ना 😄 चोरून कायचं, सगळ्यांना माहीत असायचं. गोव्याचा कुक होता, तो म्हणायचा डान्सर लोक येतात तेव्हाच पातेलं संपतं.

काळा_पत्ता

जादूगार. दमट हवेत पत्ते फुगतात, पत्त्यांचा पंखा नीट उघडत नाही. पत्त्यांचे नवे जोड मोजेपर्यंत फोडले असतील. बाकी बोट हलली की नाणं आपोआप गायब होतं, माझी मेहनत वाचते.

इतवारी_तबला

काळा पत्ता भाऊ, पत्त्यांचं सोडा, तबल्याचं विचारा. डेकवर दमट, आत एसी. संध्याकाळी सुरात लावून ठेवावा तर सेट सुरू होईपर्यंत उतरलेला. मी हातोडी खिशातच ठेवायचो, तर विमानतळावरच्या सिक्युरिटीने दरवेळी काढून घ्यायची. पियानो पाहिला का कोणी बोटीवरचा? जमिनीला जखडलेला असतो. माझा तबला कोण जखडणार, मीच पायात धरून बसायचो.

बाय द वे धरमपेठेत गोकुळपेठ मार्केटजवळ हातोडी मिळायची ते दुकान आहे का अजून?

तर्री_जास्त

तबल्याचं नाही माहीत. पोह्याचं माहीत आहे.

मानेवाडा_गिटार

२०२०चं कोणी लिहिलं नाही अजून. मी लिहितो.

मार्चमध्ये पाहुणे उतरवले आणि आम्ही राहिलो. बोट समुद्रात नांगर टाकून उभी. आधी वाटलं, दोन आठवडे. भारतात २२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय विमानंच बंद, मग उतरून जाणार कुठे? मग आम्हाला एकेकाला पाहुण्यांच्या केबिन दिल्या, बाल्कनीवाल्या. आयुष्यभर पाण्याच्या पातळीखालच्या बंकमध्ये झोपलेला मी, डोक्यावर केबिनमेटची गादी, आणि आता बाल्कनी. पहिले दोन दिवस मजा. नंतर त्या बाल्कनीतून तेच पाणी, आजूबाजूला तशाच रिकाम्या बोटी. जेवण दाराशी ठेवून जायचे. गिटार होती म्हणून डोकं ठिकाणावर राहिलं. शेजारच्या बाल्कनीत फिलिपिनो व्हायोलिनवाली होती, मध्ये पार्टिशन. आम्ही एकमेकांना न बघता वाजवायचो. खालच्या डेकवरून कोणीतरी इंजिनवाला टाळ्या वाजवायचा.

मेपासून अडकलेल्यांना परत आणणारी सरकारची वंदे भारतची विमानं सुरू झाली, त्यातही नंबर लागायला वेळ गेला. आल्यावर क्वारंटाइन. आई खालून हॉटेलच्या गेटवर डबा देऊन गेली, मी खिडकीतून हात हलवला. त्यानंतर गेलो नाही बोटीवर. आता शाळेत संगीत शिकवतो.

रामदासपेठ_रहिवासी

मानेवाडा, डोळ्यात पाणी आलं रे. तुमचा पगार दिला का त्या काळात?

मानेवाडा_गिटार

थोडा काळ. पुढचं लिहीत नाही.

बर्डीचा_बेस

मस्टरचा विषय ताईंनी काढला म्हणून. कलाकारांना ड्रिल कशाला, असं लोक म्हणतात. ऑगस्ट १९९१ ला दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ ओशियानोस नावाची बोट बुडाली. वादळ, रात्र, इंजिनरूममध्ये पाणी. कॅप्टन आणि बरेच अधिकारी आधीच सटकले. लोकांना बाहेर कोणी काढलं? करमणुकीच्या टीमने. मॉस हिल्स नावाचा गिटारवाला, त्याची बायको, जादूगार वगैरे. रेडिओवर मदत मागितली, लोकांना शांत ठेवायला गाणी म्हटली, हेलिकॉप्टरला एकेकाला बांधून दिलं. ५७१ माणसं होती. सगळी वाचली. काळा पत्ता, तुमच्या जातकुळीचा होता तिथे एक.

आणि दुसरी बाजू. जानेवारी २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर आदळली, ३२ जण गेले. त्यात हंगेरीचा एक व्हायोलिनवादक होता. मुलांना लाइफजॅकेट घालून देत होता, मग व्हायोलिन आणायला केबिनकडे परत गेला. मी हे वाचलं त्यानंतर ड्रिलमध्ये कधी माझ्या बेस गिटारकडे पाहिलं नाही. राहू दे तिथेच. त्याच अपघातानंतर नियम कडक झाले, बोट सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर मस्टर.

काळा_पत्ता

हे माहीत नव्हतं. शोमध्ये सांगणार आहे आता.

झाडीबोली

मी कधी बोटीवर गेलो नाही पण गम्मत वाटली. वडशाचं आमचं झाडीपट्टी नाटक, दिवाळीनंतर सीझन. रात्री दहाला पडदा वर, उजाडेपर्यंत नाटक. टेम्पोत सेट, मागे आम्ही. रस्ता असा की त्यात समुद्र बरा म्हणावा. तुमच्यासारखाच मेकअप घरी जाऊन धुवायचा. फक्त आमच्याकडे डॉलर नाही, पण जेवायला बोलावणारे पाटील आहेत.

तर्री_जास्त

झाडीबोली भाऊ, ते जेवण म्हणजे वडे का भाजी-भाकर?

झाडीबोली

जे असेल ते, पण पोटभर.

नंदनवन_आई

मधेच विचारते, माफ करा. माझी मुलगी कथक करते, बावीसची आहे. एका एजंटने सांगितलंय, सिंगापूरच्या बोटीवर बॉलीवूड डान्सर म्हणून लावून देतो, आधी दीड लाख भरा. तिचे बाबा म्हणतात भरूया, एकदाच तर आहे. मला काही बरं वाटत नाहीये.

लाँड्रीवाला_खामला

काकू, थांबा. पैसे भरू नका. नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत, भारतात ते नियमात आहे. नोकरी लावून देणाऱ्या कंपनीला आरपीएसएल म्हणून परवाना लागतो, सरकारच्या डीजी शिपिंगचा. त्यांच्या साइटवर यादी आहे. एजंटला फोन करून परवान्याचा नंबर विचारा, मग यादीत शोधा. मेडिकल, पासपोर्ट, सीडीसीचा खर्च आपल्याला पडतो, तो वेगळा. दीड लाख कशाचे? लेखी विचारा.

घुंगरू_धरमपेठ

काकू, दादा बरोबर सांगतायत. आणि कॉन्ट्रॅक्टची प्रत निघायच्या आधी हातात हवी. बोटीचं नाव, पगार, किती महिने, परतीचं तिकीट कोणाचं, हे त्यात लिहिलेलं असतं. तोंडी सांगणाऱ्याला नमस्कार करायचा.

इतवारी_तबला

माझ्या चुलतभावाला एकाने असंच गंडवलं होतं. मुंबईपर्यंत नेलं, लॉजवर बसवलं, मग फोनच बंद.

नंदनवन_आई

परवान्याचा नंबर मागितला. म्हणाले, ताई, फोनवर नको, ऑफिसला या, चहा घेऊ.

तर्री_जास्त

चहा घरीच प्या काकू 😂

लाँड्रीवाला_खामला

जाऊ नका. यादीतल्या कंपन्यांकडे थेट अर्ज करू द्या पोरीला. उशीर लागला तरी लागू द्या.

घुंगरू_धरमपेठ

आणि तिचा व्हिडिओ नीट करून घ्या. डोक्यापासून पावलापर्यंत दिसली पाहिजे, कॅमेरा एका जागी, मध्ये कट नको. कट दिसला की त्यांना वाटतं चूक लपवली. कथक असू दे, पण जॅझची थोडी तयारी हवी, तिथे एका शोमध्ये सगळंच लागतं. पहिल्याच मिनिटात तिचं सगळ्यात चांगलं काम येऊ द्या, पुढचं कोणी बघेल न बघेल.

नंदनवन_आई

घरात जागा नाही हो एवढी. गच्चीवर केला तर चालेल का?

घुंगरू_धरमपेठ

चालेल की. फक्त सकाळी सातच्या आत उरका, नंतर फरशी तापते. आणि मागे वाळत घातलेले कपडे काढून ठेवा, माझ्या पहिल्या व्हिडिओत बाबांचा टॉवेल आला होता.

बर्डीचा_बेस

तबलावाले, ते हातोडीचं दुकान आता बंद आहे. इतवारीतच विचारा ना, तुम्ही तिथलेच की.