मदत हवी आहे: रोपवाटिकेत शिंजिराचं घरटं, लिंबावर अळ्या, जास्वंदीवर पिठ्या

मी रोपवाटिका चालवते. वसंत सरता सरता मोगरा, जास्वंद, बोगनवेल सगळंच एकदम फुलतं आणि त्यामागोमाग कीडही येते, पाखरंही येतात. यंदा हे सगळे नेमके विक्रीच्या रोपांवरच मुक्कामाला आलेत. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

सर्वांत निकडीचं म्हणजे घरटं. टांगत्या कुंडीतल्या बोगनवेलीच्या लोंबत्या फांदीला शिंजिराच्या मादीनं ते बांधलंय. कोळ्याचं जाळं, सुकं गवत, सालीचे कपटे. लांबून बघणाऱ्याला वाऱ्यानं अडकलेला कचराच वाटेल. मादी आत बसते तेव्हा चोच तेवढी बाहेर दिसते, म्हणजे अंडी असावीत. मी आत डोकावलेलं नाही. शिंजीर बहुधा २ अंडी घालतो, उबवणीला साधारण दोन आठवडे आणि पिल्लं उडायला आणखी जवळपास तेवढेच. म्हणजे महिनाभर ती कुंडी हलवायची नाही, हे ठरलेलंच आहे. ‘विक्रीस नाही’ अशी पाटीही लावली. अडचण पाण्याची आहे. त्या रांगेला स्प्रिंकलर आहे. घरट्याच्या दारावर पागोळीसारखं छोटं छप्पर असतं खरं, पण ते वरच्या पावसासाठी. रोज बाजूनं बसणाऱ्या माऱ्यात जाळ्याची वीण टिकेल का? स्प्रिंकलर बंद करून झारीनं पाणी घालावं, तर माणसांची ये-जा वाढते आणि मादी उडून जाते.

दुसरं, लिंबू आणि कढीपत्त्याची रोपं. लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या आहेत. लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या, मोठेपणी हिरव्यागार, डिवचलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून उग्र वास सोडणाऱ्या. मोठ्या झाडाला त्यांनी काही होत नाही, पण पिशवीतल्या रोपाचा दोन-तीन अळ्यांत खराटा होतो. मला त्या मारायच्या नाहीत. बीटी, म्हणजे अळ्या मारणाऱ्या जिवाणूंचं औषध, फवारा, ते जैविक आहे, असं सुचवलं जातं. पण फुलपाखराची अळी आणि पिकावरची अळी यांतला फरक बीटीला कळत नाही. कोपऱ्यातल्या मोठ्या लिंबावर हलवल्या तर जगतील का?

तिसरं, जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आणि मावा. औषधं देणारे म्हणतात, कुंडीत इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक ओता, काम झालं. ते आंतरप्रवाही आहे. मुळांतून रसात, रसातून मकरंदात आणि परागात उतरतं. शिंजीर त्याच जास्वंदीच्या फुलाच्या बुडाशी चोच खुपसून मध पितो. मधमाश्यांना असलेल्या धोक्यामुळे युरोपीय संघानं २०१८ मध्ये त्याच्या उघड्यावरच्या वापरावर बंदी घातली. आणि विष रोपाबरोबर गिऱ्हाइकाच्या घरी जातं, हे मला फार टोचतं. लोक फुलपाखरं यावीत म्हणून हौसेनं हळदी-कुंकू नावाचं फुलझाड नेतात. बिबळ्या कडवा हे फुलपाखरू त्यावर अंडी घालणार आणि अळी पहिल्या घासाला मरणार! असं रोप मला विकायचं नाही. पण पिठ्यानं माखलेलं रोपही कुणी घेत नाही. काय करावं?

प्रतिसाद १
त्या जागचं एकच नोझल बंद करा आणि कुंडीत ठिबकची बारीक नळी सोडा. मादी चरायला गेली की एकदाच जाऊन पटकन काम उरका, पुन्हा जवळ जायला नको. आजूबाजूच्या फांद्या छाटू नका, सावली आणि आडोसा दोन्ही जाईल. फोटोचा मोहही टाळा.

प्रतिसाद २
अळ्या चिमटीत धरू नका, पानासकट कापून मोठ्या लिंबाच्या कोवळ्या शेंड्याला टेकवा, आपण होऊन चढतात. उरलेली रोपं बारीक जाळीखाली ठेवा. फुलपाखरू कोवळ्या पालवीवर अंडी घालतं, तेव्हा नवी पालवी जून होईपर्यंत जाळी घातलेली हवी.

प्रतिसाद ३
पिठ्याआधी मुंग्या बघा. चिकट गोडव्यासाठी त्या पिठ्या आणि मावा राखतात, त्यांना खाणाऱ्या ढालकिड्यांना (लेडीबर्ड) हुसकावतात. मांडणीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. मावा पाण्याच्या जोरदार धारेनं निघतो. पिठ्याचे जास्त माखलेले शेंडे कापा, बाकीच्यावर साबणाचं पाणी, तेही संध्याकाळी मधमाश्या परतल्यावर. एक जपा: क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची अळी पांढरी, मेणचट, हुबेहूब पिठ्यासारखी दिसते. मोठी आणि चपळ दिसली तर ती पिठ्या खाणारी आहे, तिला राहू द्या.

धागाकर्ती
तिघांचेही मनापासून आभार. मुंग्यांची रांग आहेच, आजच पाहिली. नळी उद्या सोडते. पण टांगत्या कुंड्यांवर मुंग्या वरच्या तारेवरून उतरतात, तिथे वाट्या कशा ठेवणार? तारेला ग्रीस लावू का?

प्रतिसाद ३
घरट्याच्या आसपास नको. पिसांना चिकट लागलं तर इवल्याशा पाखराला उडता येत नाही. तारेच्या मधोमध पाण्याची छोटी वाटी अडकवा, हमिंगबर्ड पक्ष्यांसाठी टांगलेल्या साखरपाण्याच्या भांड्यांना (फीडर) लावतात तशी. आणि घरट्याच्या तारेला पिल्लं उडाल्यावरच हात लावा.