मागचा ब्रेक ड्रम निघत नाही, मदत हवी आहे

कोपरखैरणेला राहतो. घरचा पिकअप आहे, पुढे डिस्क, मागे ड्रम. पुढचे पॅड घरीच बदलले, त्यात काही अडचण आली नाही. मागचे लायनर (ड्रमला आतून घासणारे थर) मात्र रिव्हेटपर्यंत झिजलेत, खरखर आवाज येतो. उजवा ड्रम निघाला, डावा अडकलाय. पावसाळाभर गाडी उघड्यावर असते, तेव्हा गंज असणारच.

हँडब्रेक सोडलेला आहे, पुढच्या चाकांना दगड लावलेत, एक्सल स्टँडवर आहे. ड्रमचे स्क्रू काढले. हबभोवती गंज सोडवायचं तेल रात्रभर मुरू दिलं, लाकडी ठोकळा ठेवून हातोडी मारली. ड्रम जागेवर थोडा फिरतो, पण बाहेर सरकत नाही. म्हणजे आतल्या कडेला झिजेची धार झालीय आणि शू (ज्यांवर लायनर असतात त्या कमानी) तिथे अडतायत, असं मला वाटतं. मागच्या प्लेटच्या भोकातून अ‍ॅडजस्टर (शू ड्रमच्या जवळ-लांब करणारं दातेरी चाक) फिरवून पाहिला, तो एकाच दिशेला जातो, बहुतेक घट्ट व्हायच्या.

सोसायटीत गॅसने तापवता येणार नाही, आणि या लायनरवर तुर्भ्यापर्यंत गाडी चालवत न्यायची नाही. नवे शू, स्प्रिंग आणलेत.

ऑटो अ‍ॅडजस्टरची पट्टी दुसऱ्या स्क्रूड्रायव्हरने बाजूला दाबून ते दातेरी चाक उलटं फिरवायचं, की ड्रमवरच्या आटेवाल्या दोन भोकांत बोल्ट घालून ओढायचा? शू मागे न घेता बोल्ट कसले तर ड्रमला तडा जाईल का?