दोन बांधांची राखण
चीन-पाकिस्तान मैत्री नुसती कागदावरची, असं काहींचं म्हणणं आहे. पटलं नाही. १९६३च्या करारात पाकिस्ताननं शक्सगाम खोरं चीनला देऊन टाकलं, ते सियाचीनच्या उत्तरेलाच आहे. पुढे काराकोरम महामार्ग झाला, पाकिस्तानातलं ग्वादर बंदर तर सोडाच.

आमच्या रावेरकडे दोन्ही बाजूंचे शेजारी एक झाले, की मधल्याला केळीला पाणी द्यायचं सोडून रात्रभर दोन्ही बांध राखावे लागतात. त्यांनी काठी उचललीच पाहिजे असं नाही. आपलंही तेच: लडाखला फौज हलवली तरी पश्चिम सीमा मोकळी सोडता येत नाही.

१९७१मध्ये मात्र आपण ऑगस्टात सोव्हिएत करार केला, आणि डिसेंबरात युद्ध पेटलं तेव्हा हिमालयातल्या खिंडी बर्फानं बंद होत्या. चीन आला नाही.