मदत हवी आहे: विद्यार्थी साहित्यसंग्रहासाठी कविता आणि शोधनिबंध, दोन्ही पाठवावे का?

नमस्कार मंडळी,

मी पदव्युत्तर वर्गात साहित्य शिकते. आमच्या विद्यापीठाच्या विद्यार्थी साहित्यसंग्रहासाठी लेखन मागवलं आहे. कविता, कथा, ललित, समीक्षा, सगळं चालेल असं आवाहनात म्हटलंय. माझ्याकडे काही कविता आहेत आणि गेल्या सत्रात लिहिलेला एक निबंध आहे. कथेतला निवेदक वाचकापासून काही लपवत असेल, तर ते वाचकाच्या लक्षात कसं येतं, हा त्याचा विषय.

खरी अडचण निबंधाची आहे. तो सात हजार शब्दांचा आहे आणि मर्यादा साडेतीन हजारांची. निम्मा कापायचा म्हटलं की कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही. त्यात तीन कथांची चर्चा आहे आणि तिन्ही मला प्रिय आहेत. शिवाय सरांनी त्यावर खूप मेहनत घेतली आहे. मग सहलेखक म्हणून त्यांचं नाव घालायचं का? परीक्षण मात्र लेखकाचं नाव झाकून होणार आहे.

कवितांपैकी एक मी समाजमाध्यमावर टाकली होती. ती 'अप्रकाशित' धरतात का? आणि याच कविता दुसऱ्या अंकाकडेही पाठवल्या तर चालतं का?

हा निबंध लिहिताना मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला स्वतःचं काही म्हणायचं आहे. तो घाईत मोडूनतोडून पाठवायची इच्छा नाही, म्हणून विचारते आहे.

प्रतिसाद

दोन्ही जरूर पाठवा. सर्जनशील आणि समीक्षात्मक लेखन बहुधा वेगवेगळी माणसं वाचतात, त्यामुळे एकाचा दुसऱ्याला अडथळा होत नाही. फक्त 'एका लेखकाकडून एकच प्रवेशिका' अशी अट नाही ना, तेवढं बघा.

मी अशा एका संग्रहाच्या संपादनात होतो, त्यामुळे निबंधाबद्दल थोडं सविस्तर लिहितो. सत्रासाठी लिहिलेला निबंध परीक्षकासाठी असतो. आपण काय काय वाचलं, हे त्यात दाखवावं लागतं. संग्रहाच्या वाचकाला तो पुरावा नको असतो, त्याला तुमचं म्हणणं हवं असतं. म्हणून पहिली कात्री पूर्वसंशोधनाच्या आढाव्याला लावा. अमेरिकी समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ मध्ये अविश्वसनीय निवेदकाची, म्हणजे ज्याच्या सांगण्यावर वाचकाला पूर्ण विसंबता येत नाही अशा निवेदकाची, कल्पना मांडली, इथपासून पुढचा सगळा इतिहास तुम्ही दिला असेल, तर तो तीन-चार वाक्यांत आणा. ज्यांच्याशी तुमचा वाद आहे किंवा ज्यांच्या खांद्यावर तुम्ही उभ्या आहात, तेवढेच ठेवा.

मग तीन कथा. तिन्ही थोड्या थोड्या छाटू नका, निबंध विस्कळीत होतो. जिच्यात तुमचा मुद्दा सर्वांत अवघड होतो, ती कथा ठेवा. सोपी कथा मुद्द्याला नुसता दुजोरा देते, अवघड कथा तो तपासून घेते. दुसरी एका परिच्छेदात येऊ द्या, तिसरी सोडा. तिचा पुढे वेगळा लेख होईल. आणि प्रस्तावना सर्वांत शेवटी, नव्याने लिहा. जुन्या प्रस्तावनेत तिन्ही कथांचं आश्वासन असणार.

सरांबद्दल: साहित्याच्या अभ्यासात मार्गदर्शनासाठी सहलेखकाचं श्रेय देण्याची पद्धत सहसा नाही. ज्याने लिहिलं तो लेखक. ऋणनिर्देश मात्र अवश्य करा, पण तो स्वीकृतीनंतर. परीक्षणाच्या प्रतीत सरांचं नाव राहिलं तर लेखक कोण ते लगेच ओळखू येतं. एकदा त्यांना सांगून ठेवा, म्हणजे त्यांनाही बरं वाटेल.

प्रतिसाद

नाव झाकण्याच्या मुद्द्यावरून एक तांत्रिक गोष्ट. पहिल्या पानावरचं नाव काढलं तरी ते फाइलच्या गुणधर्मांत राहतं. वर्डमध्ये फाइल, इन्फो, चेक फॉर इश्यूज आणि मग इन्स्पेक्ट डॉक्युमेंट असं गेलात की ते काढता येतं. बाजूच्या शेऱ्यांमध्ये आणि ट्रॅक चेंजेसमध्येही (दुरुस्त्यांच्या नोंदींत) नावं असतात, तीही तपासा. फाइलच्या नावात स्वतःचं आडनाव ठेवू नका.

मजकूर युनिकोडमध्येच द्या. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. कवितांसोबत पीडीएफही जोडा. ओळ कुठे तुटते, कुठे मोकळी जागा आहे, हे मांडणी करणाऱ्याला त्यावरूनच कळतं.

प्रतिसाद

समाजमाध्यमावरच्या कवितेबद्दल सगळ्यांचा नियम एक नाही. बरेच संपादक सर्वांना दिसणारी पोस्ट म्हणजे प्रकाशनच मानतात, काही जण मानत नाहीत. पोस्ट काढून टाकून गप्प बसण्यापेक्षा सोबतच्या पत्रात एका ओळीत सांगून टाका. निर्णय त्यांना घेऊ द्या.

एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवणं नियमांत बसत असेल तरच करा, आणि एकीकडे कविता स्वीकारली गेली की दुसरीकडे त्याच दिवशी कळवा. शोधनिबंध मात्र एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायचा. परीक्षक तो विनामोबदला वाचतात, त्यांचा वेळ दोनदा खर्च होणं बरोबर नाही.

हक्कांचा मजकूर नीट वाचा. स्वामित्वहक्काविषयीच्या १८८६ च्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारात सामील असलेल्या देशांमध्ये लेखनावरचा स्वामित्वहक्क आपोआप मिळतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. संग्रहाला फक्त प्रथम प्रकाशनाची परवानगी पुरते. 'सर्व हक्क कायमचे संपादकांकडे' असं लिहिलेलं दिसलं, तर सही करण्याआधी विचारा. पुढेमागे तुमचा स्वतःचा कवितासंग्रह निघेल तेव्हा याच कविता तुम्हाला लागतील.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. अवघड कथा ठेवायची हा सल्ला वाचून मी निबंध पुन्हा उघडला. माझ्या मुद्द्याला खरी अडचण दुसऱ्या कथेतच येते, आणि तिच्यावरच मी सर्वांत कमी लिहिलं होतं! आता तीच मध्यभागी घेते आहे. सरांनाही विचारलं, ते म्हणाले नाव तुझंच.

एक शंका उरली. आवाहनात संदर्भांसाठी एमएलए शैली (मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची संदर्भ देण्याची पद्धत) सांगितली आहे. माझ्याकडे मूळ कथेतली मोठी अवतरणं आहेत आणि एका कवितेच्या ओळीही. ती कशी मांडायची? आणि अवतरणं शब्दमर्यादेत धरतात का?

प्रतिसाद

एमएलएच्या नियमपुस्तिकेची नववी आवृत्ती २०२१ ची आहे, ती वापरा. गद्य अवतरण चार ओळींपेक्षा मोठं असेल तर वेगळा परिच्छेद करून आत सरकवायचं आणि अवतरणचिन्हं काढायची. कवितेच्या तीन ओळींपर्यंत मजकुरातच, ओळींच्या मध्ये तिरपी रेघ देऊन लिहायचं. त्याहून जास्त असतील तर त्या मूळ मांडणीप्रमाणे वेगळ्या द्यायच्या. पृष्ठांक लगेच पुढे कंसात.

शब्दमर्यादेचं ठिकठिकाणी वेगळं असतं. अवतरणं बहुधा धरतात, शेवटची संदर्भसूची बहुधा धरत नाहीत. संपादकांना दोन ओळींची मेल करून आत्ताच विचारा, अंतिम तारखेच्या आदल्या दिवशी उत्तर मिळेलच असं नाही. आणि मोठी अवतरणं ठेवण्याआधी प्रत्येकाच्या खाली तुम्ही त्याबद्दल निदान तेवढंच लिहिलं आहे का ते बघा. नसेल तर अवतरण छोटं करा, साडेतीन हजारांत यायलाही त्याची मदत होईल.